थंडी केलेली बाटली

नाई साहेब, बाटली नाई घरी. उभे काहून, बसा ना— अन् हळू बोला थोडं. माय आतमधी आहे, माही म्हातारी. तिले नाई आयकू गेलं पाहिजे.

काय झालं म्हंता? आता काय सांगू तुमाले! माह्या हर्षाच्या किडनीचा तुकडा होता त्याच्यात, शेवईच्या टोकाएवढा. पोरगी दवाखान्यातच आहे अजून. डॉक्टरनं सुई घालून काढला, औषधाच्या पाण्यात टाकला, म्हणे हा मोठ्या शहरात जाईल, तिथं हिऱ्याच्या सुरीनं चकत्या कापतेत, मंग विजेच्या दुर्बिणीखाली पाहून रोग सांगतेत. हिऱ्याची सुरी म्हणे! अन् त्या दिवशी बाटली न्यायले तुमची लॅबची गाडीच आली नाई. तुमीच फोनवर सांगतलं ना— थंडी ठेवा, फ्रीजमधी, बर्फात नाई. मंग म्या घरी आणली. दवाखान्यात वापस जायची घाई, तं मायच्या हातात देल्ली अन् म्हणलो, माय, हे बाटली थंडी करजो.

हासू नका साहेब. आपल्याकडं गणपती थंडा करतेत, गौर थंडी करतेत— नदीत शिरवतेत ना? मायनं तेच केलं. आंग धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली, बाटलीले हळद-कुकू लावलं अन् वैनगंगेत सोडली. मी आलो तं दारातच बसून होती. म्हणे, केली रे थंडी, पोरीचा आजार गेला पाण्यात. इतकी खुश होती, साहेब! तिच्यावर कसा रागावू? तिचं काय चुकलं?

पाहिलं ना, ढिवराचं जाळं टाकलं, म्याबी बुड्या मारल्या. गोसीखुर्दच्या धरणानं पाणी इथवर फुगलेलं, त्याच्यात बोटाएवढी बाटली कुठं घावते?

दुसरा तुकडा? नाई जमत. पहिल्याच सुईनं रक्त थांबता थांबेना, डॉक्टर म्हणते आता सुई घातली तं पोरगी हातची जाईल. अंदाजानं गोळ्या देऊन राहिले. काल तोंड सुजून डोळे दिसत नव्हते पोरीचे, अन् मले विचारते, बाबा, दुर्बिणीत काय निघालं? म्हणलो, येऊन राहिलं बेटा. लय भेव वाटते साहेब. रात्रंदिवस भेव वाटते.

मंग तुमाले कायले बोलावलं? ... मायसाठी. मले पाण्यात बुड्या मारताना पाहून तिले समजलं ना सारं. तवापासून ताट तसंच वापस जाते. मंग म्या सांगतलं, बाटली घावली, आज साहेब न्यायले येणार आहे. तुमी काई बोलू नका, तुमचा तो बाटल्या न्यायचा डब्बा फक्त उचला अन्— आली. आली पाहा.

हो माय, हेच ते साहेब. हो, ठेवली डब्ब्यात, थंडी आहे. नाई, उघडता नाई येत, हवा लागते— अवं माय, डब्ब्याच्या पाया नको पडू वं. ऊठ. ऊठ ना.

साहेब, निघा तुमी. माह्याकडं पाहू नका, निघा.