पहिल्या हाकेला ओ

...तेव्हा धानाची कापणी झाली होती की व्हायची होती, ते मला नक्की आठवत नाही, आणि माझ्या आठवणीवर आता माझाच भरवसा उरलेला नाही; पण हाक आली होती हो! हाक आली, मी ओ दिली. सांगा, चुकलं कुठे?

तुम्हाला सांगतो, लाखांदूरजवळच्या एका गावात आम्ही मानसिक आजारांची पाहणी करत होतो. आम्ही म्हणजे मी, मानसशास्त्राचा प्राध्यापक, परदेशातली डॉक्टरेट वगैरे, आणि माझी विद्यार्थिनी हर्षा, अड्याळची. रुखमाबाईंच्या छपरीत बसून मी पुस्तकातला प्रश्न विचारला, "आजूबाजूला कोणी नसताना हाका ऐकू येतात का?" वाटलं, बाई दचकतील. छे! "येतेत ना जी! कोनाले नाई येत?" शेजारच्या केवळरामलाही येत होत्या, त्याच्या सासूलाही... अख्खं गाव आजारी? मला घाम फुटला! तर रुखमाबाईच मला समजावतात, "आयकू येनं बिमारी नोहे, सर. पयल्याच हाकेले ओ देनं, थे बिमारी. मानूस असन तं तिसऱ्यांदा बलावन."

म्हणजे पुस्तकात ऐकणारा आजारी, इथे ओ देणारा! वा, म्हटलं, यावर निबंध लिहू... आणि त्याच संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, परतत होतो, हर्षा पुढे, केवळराम मागे, मी मध्ये, आणि पाण्याकडून कोणीतरी म्हणालं, "सर!" मी म्हटलं, "ओ!" सवय हो! हाक आली, ओ दिली!

केवळराम जागीच थांबला. "काहून ओ देली जी तुमी?"

"तू हाक मारलीस ना?"

"मी कायले मारू?"

मग काय विचारता! गाव माझ्याशी एकदम गोड वागायला लागलं. रुखमाबाईंनी भातावर तुपाची धार धरली, "पोटभर खाऊन घ्या जी, सर." खातो, पण बाई, तुम्ही डोळे का पुसता? केवळरामनं एसटीच्या कंडक्टरला बजावलं, "या सरायले घरापर्यंत नीट पोचवा, ओ देली यायनं." कंडक्टर चांगला शिकलेला, तरी त्यानं माझ्या शेजारची माणसं उठवून मागे बसवली!

डॉक्टर मित्र म्हणाला, "भास तो! ताण आहे, गोळ्या घे." घेतल्या. तेव्हापासून बायकोलासुद्धा मी तिसऱ्या हाकेशिवाय उत्तर देत नाही. "कान गेले का हो तुमचे?" ती ओरडते. तिला काय सांगू? भास असेल तर मी आजारी; आणि नसेल तर... ते वाक्य मी पुरं करत नाही. हाक आली, ओ दिली, एवढंच ना?

बऱ्याच वर्षांनी भंडाऱ्याला एका चर्चासत्रात हर्षा भेटली. विभागप्रमुख झाली आहे आता! धीर करून विचारलं, "हर्षा, त्या दिवशी पाळीवर... मला भास झाला होता ना गं?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "नाही, सर. मीपण ऐकली होती. म्हणूनच तर गप्प राहिले."

"अगं, मग मला थांबवायचं!"

"थांबवणार होते, सर. पण तुम्ही ओ देऊन मोकळे!"

म्हणजे मी आजारी नव्हतो, ठणठणीत होतो, हे आता पक्कं झालं. इतकी वाईट बातमी मला उभ्या आयुष्यात कोणी दिली नव्हती.