मलबार टेकडीवरचा शेवटचा बंगला

माझ्या सेवानिवृत्तीच्या आजच्या समारंभाचे अध्यक्ष व संस्थेचे चेअरमन मा. आसारामजी, मुख्याध्यापक राधाकृष्णसर, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, शेवगावातील पालक मंडळी आणि माझ्या मुलींनो,

दुष्काळाचं वर्ष असूनही तुम्ही हारतुरे आणलेत. फुलं कुठून मिळवलीत, हे विचारायचं धाडस मला होत नाही. आत्ताच अध्यक्षांनी एक घोषणा केली आणि टाळ्या वाजल्या. त्यावर बोलायचं आहे, पण आधी थोडं मागे जाते.

बावीस वर्षं मी इथे चित्रकला शिकवली. त्याआधी मी काय करत होते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. मी मुंबईत मलबार टेकडीच्या पायथ्याशी, वाळकेश्वरला वाढले. वडील तिथल्या एका देवळात पुजारी. एकेकाळी त्या टेकडीवर नुसतं जंगल होतं, आणि समुद्राला लागून देऊळ आणि बाणगंगेचं तळं. मग टोकाला इंग्रज गव्हर्नर राहायला आला. त्याच्यामागून बंगले चढत गेले, आणि पुढे आपल्याकडच्या शेटजींनी ते विकत घेतले. काळ्या दगडाचं जोतं, घोडागाडी थेट आत उभी राहील असा पोर्च, समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड केलेले खोल व्हरांडे, वर मंगलोरी कौलं. नकाशे करणारे मिस्त्रीसाहेब म्हणून एक वयस्कर पारशी गृहस्थ होते. हे बंगले मोजून कागदावर उतरवायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं, आणि मी त्यांच्याकडे नोकरीला होते. टेपचं एक टोक ते धरत, दुसरं मी. खरं सांगू? तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

लग्न होऊन शेवगावला आले. यजमान गेले, तेव्हा ही नोकरी धरली.

बासष्ट साली मिस्त्रीसाहेबांचं पत्र आलं. 'पश्चिम उतारावरचे अकरा बंगले विकले गेले. पाडून तिथे उंच इमारती होणार. माझे डोळे गेले. वर्षभरासाठी ये, नाहीतर हे कागदावरही उरणार नाहीत.' मी त्याच दिवशी वर्षभराची रजा मागितली, आणि ती मिळणार नसेल तर म्हणून राजीनामाही लिहिला.

दुसऱ्या दिवशी आसारामजी घरी आले. आठवतं ना? सोबत सहादेव होते आणि त्यांची आठवीतली मुलगी मनकर्णा. आसारामजींनी रजा नाकारली, राजीनामा मात्र घ्यायची तयारी दाखवली. त्याचं मला काही वाटलं नाही. पण सहादेव उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "बाई हायेत म्हनून पोरगी साळंत हाय. तुमी गेल्या की म्या तिला घरी बशिवनार. निसत्या मास्तरांच्या साळंत न्हाई धाडायचो."

"आणि बाकीच्यांच्या मुली?" मी विचारलं.

"त्यांचंबी तेच हाय. लई बोलनं झालंय आमचं."

तेव्हा वरच्या वर्गांत नऊ मुली होत्या. मनकर्णा माझ्याकडे बघत नव्हती, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. मी राजीनामा फाडला.

त्या पोरींवर मी कधी राग काढला नाही. पण श्रोतेहो, वर्गाचं दार लावताना रोज मला वाटायचं, हे कोणीतरी बाहेरून लावतंय. 'बाई किती रमल्यात इथे' असं तुम्ही म्हणायचात, आणि मी हसायचे. पासष्टच्या मे महिन्यात मुंबईला गेले. अकरांपैकी एकही बंगला नव्हता. चौदा मजल्यांच्या इमारतीच्या फाटकावर रखवालदाराने हटकलं, "कोणाकडे जायचंय?" मी आल्या पावली मागे फिरले. मिस्त्रीसाहेब आदल्या वर्षीच वारले होते.

आता अध्यक्षांनी जाहीर केलं, की मुलींच्या नव्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून बाई आणखी पाच वर्षं राहतील. "बाई कुठं जात्यात?" असंही ते हसत म्हणाले. आसारामजी, तुमचा हेतू चांगला आहे. पण मला कोणी विचारलं नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

मागच्या महिन्यात मिस्त्रीसाहेबांच्या पुतणीचं पत्र आलं. टेकडीवर त्या वेळचा एक बंगला अजून उभा आहे. मालकीणबाई ऐंशीच्या आहेत. पावसाळ्याआधी तो विकला जाईल, तोवर मोजू द्यायला त्या तयार आहेत. माझ्या हाताला आता कंप आहे; रेघ सरळ येईल की नाही, ठाऊक नाही. तरी मी जाणार आहे.

वसतिगृहाचं काय? मनकर्णा गेली तीन वर्षं याच शाळेत शिकवते आहे. काल मी तिला हे काम घेशील का, असं विचारलं. विचारलं, सांगितलं नाही. ती म्हणाली, "घेईन. पण बाई, माझ्यामुळं तुमी राहिल्या, हे मला तवाच कळलं होतं. आता जावा तुमी." अकरा वर्षं ती हे मनात ठेवून होती.

संस्थेने पोटाला आणि मानाला काही कमी पडू दिलं नाही, याबद्दल सर्वांची मी ऋणी आहे. भरल्या सभेत अध्यक्षांचा शब्द मोडला. वयाने लहान असते तर धजावले नसते. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी निघते आहे. कृपा करून स्टँडवर पोचवायला कोणी येऊ नका. मला एकटीने जायचं आहे.

नमस्कार.