जंगूदादाची दंडारीची सुट्टी

तुमी आता न्याय-न्याय करून राह्यले म्हनून आठवलं.

आमच्या जिनिंगमंदी वजनकाट्यावर आमी दोघंच, मी अन् जंगूदादा. कापसाचा हंगाम, म्हनून दिवाळीत सुट्टी एकालेच. हैदराबादहून आलेल्या नव्या साहेबानं मले खुर्चीवर बसवून माहं सारं म्हननं आयकलं, अन् सुट्टी देल्ली जंगूदादाले! त्याच्या गुड्यात, म्हंजे आदिवासी पाड्यात, दिवाळीले दंडारीचा नाच असते, हे साहेबाले ठाऊक होतं. मले राग नाई आला. इचारलं तरी होतं ना!

दंडारीच्या दिवशी पाह्यतो, तर जंगूदादा तोंड फुगवून काट्यावर हजर.

साहेब म्हने, "अरे, तुमको तो छुट्टी दी थी!"

"देल्ली साहेब, पन मले इचारलं कोनं? आमच्या गुड्यात बोअर कुठं माराची, हे बी एकेका मानसाले बसवून इचारते."

मंग साहेबानं सोताच खुर्ची सरकवली. "बैठो दादा. बोलो, छुट्टी चाहिए?"

जंगूदादा बसला. छताकडं पाहून निवांत इचार केला.

"पाह्यजे," म्हने. अन् काट्याची चावी माह्या हातात ठेवून सायकलवर निंगून गेला.

मले कोनीच इचारलं नाई.