पायाला काहीच झालं नव्हतं

मी मूळचा कुठला असं विचारलंत तर काका, मलाच कळत नाही काय सांगू, जन्म टोरंटोजवळचा, मिसिसागाचा, पासपोर्ट कॅनडाचा, पण घरात सगळं मिरजेचं. पप्पा मिरजेचे, आई पण तिथलीच, त्यामुळं माझं मराठी हे असलं, आलतो, गेलतो, पुण्याची पोरं ऐकली की हसतात. त्यात माझं जेंडर चुकतं, मी ती ग्राउंड म्हणतो, ते टीम म्हणतो, तुम्ही लिहिताना दुरुस्त करा, नाहीतर राहू दे तसंच. पप्पा एअरपोर्टवर बॅगांच्या सेक्शनला, आई म्हाताऱ्या लोकांच्या होममध्ये नर्स. दोघांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. बिल्डिंगच्या मागं पोर्तुगीज पोरं खेळायची, जमैकन पोरं खेळायची, त्यांच्यात मी, सुजय, एकटाच मराठी, आणि थंडी सुरू झाली की बर्फात कुठं खेळणार, मग आम्ही शाळेच्या जिममध्ये खेळायचो. लाकडाच्या फ्लोअरवर बॉल इतका फास्ट येतो की आल्यावर विचार करायला वेळच नसतो, तिथंच मी शिकलो बघा, बॉल यायच्या आधीच मान वळवून बघून ठेवायचं कोण कुठं आहे ते. मिडफिल्डरचं सगळं काम तेच. गोल करणारा दुसरा असतो, अडवणारा दुसरा असतो, आपण मधे उभं राहून मागचा बॉल पुढं द्यायचा, आणि तो असा द्यायचा की लोकांना वाटलं पाहिजे त्यात काय विशेष.

सतरा वर्षांचा असताना एक जण बघून गेला आणि मला इंग्लंडला बोलावलं ट्रायलला. मँचेस्टरच्या वर ट्रेननं पाऊण तास जायचं, तिथलं एक क्लब, नाव नको लिहायला. आईनं मेथीचे लाडू दिलते, ते कस्टमवाल्यानं उघडून वास घेतला आणि परत दिले. ट्रायलला पाऊस होता, सगळी ग्राउंड चिखल झालती, मला वाटलं गेलं सगळं. पण तिथला मॅनेजर म्हातारा होता, स्कॉटिश, त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, मुला, तू वर बघून खेळतोस, तेवढं मला पुरे, बाकीचं आम्ही शिकवू. असं ठेवून घेतलं मला.

क्लब लहान पोरांना लोकांच्या घरी ठेवायचा, त्याला डिग्ज म्हणतात. मला मॉरीन मिळाली. नवरा वारलेला, मुलगी ऑस्ट्रेलियाला, आणि फुटबॉलचा तिला मनापासून राग, म्हणायची ह्या खेळापायी माझा नवरा एक शनिवार माझ्या वाट्याला आला नाही. पण माझे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून हीटरजवळ तीच ठेवायची. भात करायला मी तिला शिकवलं. माझ्याबरोबर अजून एक कॅनडाचा पोरगा होता, काइल, हॅमिल्टनचा, डिफेंडर. आम्ही दोघं एकाच वर्षी आलतो, एकाच घरात राहायचो, पण आमच्यात एक फरक होता तो तेव्हा मला कळला नव्हता. काइलची आजी स्कॉटलंडची. म्हणून त्याला इथं कायमचं राहायचा, कुठंही काम करायचा हक्क. माझी आजी मिरजेची. म्हणून मला वर्क परमिट, आणि ते पण त्या एका क्लबपुरतंच. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही, मला दुसरीकडे जायचंच कुठं होतं.

पहिलं वर्ष, काय सांगू तुम्हाला, मला अजून झोपेत सुद्धा ते वर्ष दिसतंय. अठरा पूर्ण झाले आणि म्हाताऱ्यानं मला खेळवलं. घरच्या ग्राउंडवर, समोरची टीम मोठी, आणि पहिला बॉल आला तेव्हा मी सरळ बाहेरच मारला तो. म्हातारा काही ओरडला नाही, त्यानं फक्त हात खाली दाबला, असा, हळू, हळू. मग दुसरा बॉल आला, मी मान वळवून बघितलतं, दिला. तिसरा दिला. मग एक वेळ अशी आली की सगळे माझ्याकडंच बघायला लागले, आपला मागचा सेंटर-हाफ बॉल मिळाला की पहिलं मला शोधायचा. आम्ही जिंकलो ती मॅच. पप्पा ड्यूटीवरून रेडिओ-बिडिओ काही मिळतं का बघत बसलते, काही मिळालं नाही, शेवटी त्यांनी मॉरीनला फोन केला आणि मॉरीन म्हणाली हो, तो चिखलातून आलाय आणि हसतोय. त्या सीझनला मी बरेच वेळा खेळलो, आणि कॅनडाच्या सीनियर टीमच्या कोचनं पण फोन केला, म्हणाला तुझ्यावर लक्ष आहे माझं. क्लबनं मला नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं, लांबचं. मी आनंदानं सही केली. कोण करणार नाही.

आणि मग पुढच्या सीझनला दिवाळीच्या आसपास ओळीनं हरलो आणि म्हाताऱ्याला काढलं. तो सगळ्यांचे हात हातात घेऊन गेला, माझ्यापाशी आला तेव्हा म्हणाला, वर बघत राहा. नवीन मॅनेजर आला, तरुण, केस जेल लावून मागं, वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही, पण त्याचा खेळच वेगळा होता. मागून बॉल उचलायचा आणि सरळ पुढच्या उंच पोराच्या डोक्यावर टाकायचा. मग मधल्या माणसानं काय करायचं. बॉल माझ्या डोक्यावरून जायचा, परत डोक्यावरून यायचा, मी नुसता टेनिस बघायला आल्यासारखा मान हलवायचो. थोड्या दिवसांत मला बाहेर बसवलं, मग रिझर्व्हमध्ये, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये, मग ट्रेनिंगला पण पोरांच्यात.

मी म्हटलं ठीक आहे, दुसऱ्या क्लबला जातो. वेल्सच्या एका क्लबला मी पाहिजे होतो. आणि तेव्हा ते परमिटचं कळलं. दुसऱ्या क्लबनं माझं परमिट नव्यानं मागायला पाहिजे, आणि ते कुणाला मिळतं, जो आपल्या देशाच्या सीनियर टीमकडून नेहमी खेळतो त्याला. आणि देशाच्या टीममध्ये कुणाला घेतात, जो क्लबकडून नेहमी खेळतो त्याला. आणि क्लब तर मला खेळवतच नव्हता. असं ते गोल गोल. मी क्लबच्या सेक्रेटरीला म्हटलं ह्यात आत जायचा रस्ता कुठं आहे, तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, आधी आत असायला पाहिजे. काइल तोपर्यंत दोनदा क्लब बदलून मोकळा झालता, बॅग उचलायची आणि जायचं. राग नाही माझा त्याच्यावर. फक्त तो डिग्ज सोडून गेला त्या दिवशी मी त्याची बॅग गाडीत ठेवायला मदत केली आणि घरात येऊन जिन्यावर बसलो, मॉरीनला वर जायचं होतं, तर ती पण खालच्या पायरीवर बसून राहिली.

तरी कॅनडाच्या कोचनं मला बोलावलं. खरंच बोलावलं. त्याचे दोन मिडफिल्डर नव्हते, आणि त्याला मी आठवलो. एक मॅच खेळलो असतो तर पुढची मिळाली असती, पुढची मिळाली तर परमिटचा विचार झाला असता. मी बॅग भरली. आईनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले, मिरजेत सुद्धा. आणि जायच्या आधी पप्पांचा फोन. पप्पा म्हणाले, सुजय, पायाला काय झालं रे.

मी म्हटलं कुणाच्या.

म्हणाले, तुझ्या, आत्ता कोचचा घरी फोन आलता, म्हणाला मुलाला सांगा काळजी घे, मांडी बरी होऊ दे, पुढच्या वेळी बघू.

मी ट्रेनिंगवरून आत्ताच आलतो काका, चिखल पण धुतला नव्हता. मी खाली बघितलं, माझे दोन्ही पाय, चांगले धडधाकट. पप्पा फोनवर परत परत विचारत होते, लपवू नकोस, जास्त लागलंय का.

तसाच गेलो मॅनेजरच्या ऑफिसात. तो सँडविच खात होता. मी म्हटलं, मला काहीच झालेलं नाही. तो म्हणाला, माहितीये मला. माझे दोन जण कुबड्यांवर आहेत, तू विमानात बसून तिकडं जाणार, मेलेला परत येणार, मग मंगळवारच्या मॅचला माझ्या काय कामाचा. मी म्हटलं, मंगळवारी मला खेळवणार का. तो म्हणाला, मी म्हणतो तोपर्यंत तू अनफिट आहेस, जाताना दार लाव. मी दार लावलं. तेवढंच केलं मी.

कोचला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, माझा विश्वास आहे तुझ्यावर, पण क्लबचा डॉक्टर अनफिट म्हणतोय, त्याच्या वर मला जाता येत नाही. आणि मंगळवारी काय झालं म्हणाल तर मंगळवारी मी बेंचवर होतो. सबंध मॅच मी लाइनच्या बाजूनं वॉर्म-अप करत पळत राहिलो, लोक म्हणायचे येतोय आता हा, येतोय, आणि शिट्टी वाजली. मला कुणी बोलावलं नाही.

मग पप्पा आले. सुट्टी काढून, न सांगता. त्यांना मॉरीनकडं पत्ता विचारत ट्रेनिंग ग्राउंडवर यायची काय गरज होती, पण आले. त्या दिवशी सगळी टीम मधे खेळत होती आणि मला सांगितलतं कडेनं पळ. मी एकटा कडेनं पळत होतो, एक वळण घेतलं तर तारेच्या पलीकडं पप्पा, एअरपोर्टचं पिवळं जॅकेट घातलेले, हात तारेत अडकवलेले. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर रडलो असतो. परत वळण घेतलं, परत पप्पा तिथंच. असं किती वेळ चाललं.

घरी आल्यावर मॉरीनच्या टेबलावर बसून पप्पा एवढंच म्हणाले, चल घरी. मी त्यांना समजावलं, पप्पा, मी उठून गेलो तरी माझं रजिस्ट्रेशन ह्यांच्याकडंच राहणार, ह्यांनी सोडल्याशिवाय मला जगात कुठंच खेळता येत नाही. टोरंटोत तेव्हा नवीन टीम निघणार होती, त्यांनी मला विचारलं पण होतं, क्लब म्हणाला कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत नाही. पप्पांना हे पटेना, ते म्हणाले, खेळवत नाहीत आणि सोडत पण नाहीत, मग त्यांना तू पाहिजे कशाला. पप्पा आठवडाभर राहिले, मॉरीनचं गेट कित्येक वर्षं लागत नव्हतं ते दुरुस्त केलं, कंपाउंड रंगवलं, दोघं एकमेकांचं इंग्लिश न समजता तासन्‌तास बोलायचे. जाताना स्टेशनवर माझा हात धरून म्हणाले, माझी शिफ्ट कसली पण असली तरी संपली की मी घरी येतो रे. तुझी संपतच नाही.

संपली शेवटी. कॉन्ट्रॅक्ट संपलं, मला कुणी बाय पण म्हणालं नाही, फक्त किट-रूमवाल्या बाईनं माझा जुना शर्ट घडी घालून दिला. तोपर्यंत टोरंटोवाल्यांनी आपली माणसं घेतलती. घरी जाऊ शकत होतो की. आई म्हणायची ये. पण घरी गेलं की मिसिसागातला प्रत्येक माणूस विचारणार, मॅच कधी आहे, कुठल्या चॅनलवर, आणि आईनं हॉलमध्ये माझा फोटो एवढा मोठा लावलाय, त्याच्याखाली बसून मी जेवू कसा. म्हणून इथं कार्डिफला फिजिओथेरपीला अॅडमिशन घेतली, स्टुडंट व्हिसावर. आणि गंमत बघा काका, पासपोर्टवर शिक्का आहे, इथं राहा, शिका, थोडं काम पण करा, पण प्रोफेशनल स्पोर्ट करायचा नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी, पाय चांगले असताना. मी शिक्का मारणाऱ्या ऑफिसरला म्हटलं, हे माझ्यासाठी खास लिहिलंय का. तो म्हणाला नाही, सगळ्या स्टुडंटना असतं. त्याला काय माहीत.

पुस्तकं उघडली की मांडीचे स्नायू, चित्रं काढून, लाल रंगात. पहिल्यांदा ते पान आलं तेव्हा मी लायब्ररीतून उठून बाहेर गेलतो. आता नाही जात. आता हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंट असतं, म्हणजे शिकता शिकता खरे पेशंट बघायचे, परवा एक आजोबा होते, हिप बदललेलं, उभे राहायला भ्यायचे, मी त्यांना म्हटलं पायाकडं नका बघू, वर बघा, माझ्याकडं. उभे राहिले. बरं वाटलं मला. खोटं कशाला सांगू, शनिवारी तीन वाजले, मॅच सुरू व्हायची वेळ झाली, की मी अजून मुद्दाम लॉन्ड्रीला जातो.

रविवारी मात्र खेळतो. पार्कात, फुकट, त्याला व्हिसा आडवा येत नाही. आमचा कॅप्टन केरी, प्लंबर आहे, पोट सुटलेला, पहिल्या दिवशी मी चार पास दिल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, आधी कुठं खेळलायस का तू. मी म्हटलं, थोडंसं. तो म्हणाला, मग मधेच खेळ. आता बॉल मिळाला की सगळे मलाच शोधतात, आणि मी देतो, पुढं कुणाला धावता येत नाही ती गोष्ट वेगळी. पप्पांना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, पाय बरा आहे ना. मी म्हटलं, बरा आहे पप्पा. उद्या रविवार आहे, तुम्ही पण या काकूंना घेऊन, दहाला सुरू होतं, पण त्या पार्कात वारं फार असतं, कोट घालून या.