बेचाळिसावी चिठ्ठी

नाही, पण मी म्हणतो, ब्लँकेट एकच पाठवायचं कशाला? पाठवायचं तर चार पाठवा, नाहीतर पाठवूच नका ना! तुम्हाला सांगतो, बहात्तर सालची थंडी, राजूरच्या पलीकडं डोंगरात आमचं हायस्कूल, सकाळी फळ्यावर लिहायला घेतलं की खडू बोटांतून गळून पडायचा, आणि पुण्याच्या कुठल्याशा मंडळानं धाडलं काय, तर एक ब्लँकेट! लालभडक, जाडजूड, वर कागद टाचलेला, 'गरजूस द्यावे'. हेडमास्तरांनी ते माझ्या टेबलावर आणून टाकलं. म्हणाले, नवले सर, नागरिकशास्त्र तुमच्याकडं, दानाचा धडा तुमच्याकडं, हेही तुम्हीच निस्तरा.

मग मी काय केलं? नववीत निवडणूक घेतली! गावात सगळ्यात गरजू कोण, ते पोरांनीच ठरवायचं. चिठ्ठीवर नाव लिहा, घडी घाला, डब्यात टाका. पोरं कुजबुजायला लागली तशी मी टेबलावर छडी आपटली. म्हटलं, मत गुप्त असतं! शेजाऱ्याला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही, देवानं विचारलं तरी सांगायचं नाही. काय ऐट होती हो माझी!

आणि पोरं माना खाली घालून लिहीत असताना मी त्या ब्लँकेटला नुसता हात लावला... लावायला नको होता. अहो, काय ऊब! आमच्या घरात माणसं सहा, गोधड्या दोन, नुसती ओढाओढ, त्यात आमच्या मंडळींना खोकला... खोटं कशाला सांगू? एक कोरी चिठ्ठी उरली होती. म्हटलं, एका मतानं काय होतंय? लिहिलं आणि टाकलं डब्यात. मत गुप्त असतं, नाही का?

बरं, लिहिलं तरी काय? तर 'नवले सर'. स्वतःला 'सर'! पोरानं लिहिल्यासारखं वाटावं, म्हणून ही अक्कल.

मोजायला बसवलं पुष्पावतीला. वर्गातली सगळ्यात शांत मुलगी, रोज डोंगर उतरून यायची, अंगात भावाचा जुना सदरा. घडी उघडायची, वाचायची. साळूबाई. साळूबाई. साळूबाई. ही आमच्या शाळेत पाणी भरणारी म्हातारी, थंडीत गोणपाट पांघरून यायची. पोरांना बरोबर कळलं होतं हो, मलाच कळलं नव्हतं. आणि एका चिठ्ठीवर पुष्पावती थांबली. माझ्याकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडं बघितलं, हळूच वाचलं, नवले सर, एक. वर्ग हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

तेवढ्यात कानिफनाथ उठला. गणितात हुशार, हीच त्याची खोड.

"सर, पोरं एकेचाळीस, मग चिठ्ठ्या बेचाळीस कशा?"

झालं! तोंडचं पाणी पळालं. आणि तोंडचं पाणी पळालं की मास्तर काय करतो? ओरडतो. बोगस मतदान! लोकशाहीचा खून! कुणी केलं, उभं राहा, नाहीतर अख्खा वर्ग बाहेर गारठ्यात उभा करीन! मत गुप्त असतं म्हणून घसा फोडणारा मी, आता विचारतोय काय, तर मत कुणाचं...

कुणी हलेना. मग पुष्पावती उठली. "म्या टाकल्या दोन."

आता तरी मी तोंड उघडावं की नाही? पण माझा आवाज ऐकून हेडमास्तर दारात येऊन उभे, पोरं टकमक बघतायत, जीभ रेटेना. तिनं हात पुढं केला, आणि तुम्हाला सांगतो, मी दोन छड्या मारल्या. गारठलेल्या हातावर. माझ्या चोरीच्या. ती रडलीसुद्धा नाही, चिठ्ठ्या गोळा करत बसली. ब्लँकेट तेवढं साळूबाईला गेलं. लाज वाटते हो, अजून वाटते.

शाळा सुटल्यावर व्हरांड्यात तिला गाठलं. म्हटलं, पोरी, उद्या वर्गात उभा राहून खरं काय ते सांगतो.

"नगा सांगू, सर," ती म्हणाली. "मग माझ्या दोन छड्या वाया जात्याल."

ती दप्तर उचलून निघाली, पायरीवर थांबली.

"फकस्त फुडच्या टायमाला डाव्या हातानं लिवा. तुमचं अक्षर रोज फळ्यावर बघतो आमी."

आणि मी, नागरिकशास्त्राचा शिक्षक, मान खाली घालून म्हणालो... बरं.