खांद्यावरची चार बोटं

नाही, आधी पडदा ओढ. खाली रस्त्यावरून दिसतं. जळकोटची श्रद्धा ना तू? आणि फोटोतली दुसरी स्वप्नाली, तुझ्याच रिपीटर बॅचची. मला कसं ठाऊक? तुमच्या होस्टेलच्या मॅडम सकाळी येऊन गेल्या की. म्हणाल्या, भार्गवीताई, आमच्या दोघींनी तुमच्याकडं जोडीनं फोटो काढलाय का? एकोणीस-एकोणीस वर्षांच्या बाया, काढला तर तुमचं काय गेलं — असं म्हणायला पाहिजे होतं मी. बायकांच्या संघटनेच्या सभेत म्हणते ना, माईकवर. पण सकाळी मी म्हणाले, बघून ठेवते, पाचला या.

भिंतीवर काय बघतेस? त्या चाकूरच्या बचत गटाच्या. त्या इस्लापूरच्या. ह्या भूकंपानंतरच्या, पत्र्याच्या शेडमधल्या. वीस वर्षं बायकांचेच फोटो काढले मी. रत्नम्माचा नाही त्यात. कोण रत्नम्मा? औशाकडच्या गावात संघटनेचा शिवणवर्ग चालवायची. मी नांदेडहून चार दिवसांसाठी त्या वर्गाचे फोटो काढायला आले, अन् लातुरातच दुकान टाकलं. कॅमेरा दिसला की म्हणायची, माझा नको, पोरींचा काढ. मैत्रीण होती. म्हणजे... तुला स्वप्नाली आहे ना, तशी.

दोघींचा एकच फोटो, टायमर लावून काढलेला. माझा हात तिच्या खांद्यावर. पुढं भूकंप झाला, ती गावीच होती. आठव्या दिवशी तिचा भाऊ आला, सिद्धलिंग. मयताच्या फॉर्मला फोटो पाहिजे, घरात काही उरलं नव्हतं. मी आत गेले, कटर घेतला, मधोमध कापला. माझी चार बोटं राहिली की तिच्या खांद्यावर! त्यानं विचारलं, ताई, हा हात कुणाचा? मी म्हणाले, असंल वर्गातल्या कुणाचा तरी. आठ वर्षं झाली. कुठल्या तरी फायलीत असतील अजून बोटं. निगेटिव्ह? त्याच संध्याकाळी जाळली. कुणी मागितली नव्हती गं. मीच जाळली.

तुमचा पण कापायला घेतला होता आज. दोन पासपोर्ट होतात, कुणाला कळत नाही. पण स्वप्नालीचा हात होता तुझ्या खांद्यावर, कटर ठेवायला जागाच मिळेना. घे. फोटो तू ठेव, निगेटिव्ह तिला दे. एका ट्रंकेत ठेवू नका. मॅडमना सांगीन, असा फोटोच नाही. आणि... पाकीट साधं आहे, दुकानाचं नाव नाही त्यावर. सापडलंच तर कुठं काढला सांगू नको. रागावू नको, बेटा. मला हे दुकान सोडून काही नाही.

जिना वाजला? पाच कुठं वाजलेत अजून. बायोलॉजीच्या पुस्तकात घाल, आत, आणखी आत. स्टुलावर बस. हनुवटी खाली.

या मॅडम. नाही हो, पासपोर्टच चाललाय हिचा, एकटीचा.

हलू नको गं.