टपरीवरची मारामारी

अगं, मशीनच्या एका भाषांतरापायी माझा अशील सदानंद आतच राहिला असता! नाहूरला त्याच्या मित्राला कोणीतरी बेदम मारलं. शेवटचा सोबत दिसला म्हणून पोलिसांनी सदानंदलाच उचललं.

जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील चहावाल्या मावशींचा जबाब वाचायला लागले. एआयने केलेलं इंग्रजी भाषांतर ना ते! त्यात म्हणे, सदानंदने मागून मारलं, मग टपरीवर बराच वेळ मारामारी झाली आणि निघताना अजून एक तडाखा दिला. मागे बसलेली सदानंदची बायको रडायलाच लागली.

मी मात्र निवांत होते. उठले आणि म्हटलं, "साहेब, मूळ मराठी जबाब वाचते." मग खणखणीत आवाजात वाचलं, "सदानंदने मागून हाक मारली. मग दोघं टपरीवर गप्पा मारत बसले. निघताना त्याने मित्राला मिठी मारली."

सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकील पुटपुटले, "साहेब, मशीनला मराठी नीट कळत नाही."

सदानंदचा जामीन मंजूर करून न्यायाधीश त्यांना म्हणाले, "मशीनचं राहू द्या हो. तुम्हाला कळतं ना?"